बंद घर, दूरचे मालक: बडोद्यातल्या कारेलीबागच्या टेनामेंटच्या कामाची वही, फेब्रुवारी ते जून २०२५

१२ फेब्रुवारी २०२५ : पहिली पाहणी

दोन मजली टेनामेंट. तळमजला मालकांनी स्वतःसाठी ठेवलेला, वर भाडेकरू. मालक न्यू जर्सीत. वर्षातून एकदा, डिसेंबर-जानेवारीत, तीन-चार आठवडे येतात. यंदा या कामासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबलेत. चावी शेजारच्या काकूंकडे.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने काळाघोडा पुलाजवळची २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हाच हे घर बुडालं. दिवाणखान्यातली खूण लादीपासून ७१ सेंमीवर. रंगारी ती पुसणार, म्हणून आधी जिन्याखालच्या भिंतीवर तैलरंगाने लाल रेषा मारून घेतली. पुढची सगळी मापं या रेषेवरून घ्यायची.

मालकांच्या यादीत पहिले कॅमेरे, मग कुलपं. ती यादी उलटी केली. बंद घराचं चोर नाही करत तेवढं नुकसान पाणी करतं: गच्चीवरून झिरपतं, गटारातून उलटं येतं, टाकीतून सांडतं. आणि ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकात वास अडवायला साठलेलं, आटलं तरी त्रासच. कामाचा क्रम पाण्याच्या वाटेने लावला आहे.

१५ फेब्रुवारी : भिंती

पूर ओसरून साडेपाच महिने झाले. ९ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर प्रत्येक बाजूने महिन्याला साधारण इंचभर सुकते, असा ढोबळ हिशेब. म्हणजे आतापर्यंत सुकायला हवी होती. दिवाणखान्याची सुकली, कपाटं लावलेली आतल्या खोलीची भिंत एकाच बाजूने मोकळी, ती ओलीच आहे.

तपासणी अशी: फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला सीलबंद चिकटवायचा, ४८ तास ठेवायचा. आतून दव धरलं तर भिंत ओली. तीन ठिकाणी लावले, एका ठिकाणी दव आलं.

कडियाचं (गवंड्याचं) म्हणणं, पुट्टी मारून टाकू, झाकलं जाईल. झाकलं जातंच, पण पावसाळा संपेपर्यंतच. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइलपेंट लावलं की ओल कोंडते, मीठ पृष्ठभागावर येतं आणि लोणा लागून पापुद्रे सुटतात. मालक डिसेंबरात दार उघडतात तेव्हा लादीवर पांढरी भुकटी पडलेली असते. म्हणून रेषेच्या वर फूटभरापर्यंत जुना गिलावा काढला, सांधे खरवडले, सिमेंट-वाळू १:४ चा नवा गिलावा, सात दिवस पाणी मारणं. कपाटवाली भिंत गिलावा काढून तशीच उघडी ठेवली; तिचं काम मालक नसताना, मेमध्ये. रंग साधा श्वास घेणारा, डिस्टेंपर. दिसायला गरीब, पण टिकतो.

२१ फेब्रुवारी : गटार

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पुरात पाणी दारातून आलं असं घरचे सांगतात. तळमजल्याच्या संडासाच्या भांड्यातली आणि मागच्या चोकडीतल्या (धुण्याभांड्याच्या जागेतल्या) जाळीभोवतीची गाळाची रांगोळी वेगळं सांगते. रस्त्यावरची लाइन तुंबली की पाणी आधी सगळ्यात खालच्या भांड्यातून वर येतं, आणि हे पाणी गटाराचं. दारातून येणारं पाणी त्याच्यानंतर.

उपाय ठाऊक आहे: उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ११० मिमीचा, फ्लॅपचा. प्रश्न तो कुठे बसवायचा हा. प्लंबरने फाटकाजवळची शेवटची कुंडी (गटाराचा चेंबर) दाखवली: एकच व्हॉल्व्ह, सगळ्या घराला पुरेल. इथेच बहुतेक घरं फसतात. वरच्या मजल्याचा उभा पाइप त्याच कुंडीच्या आधी येऊन मिळतो. रस्त्यावर पाणी चढलं, फ्लॅप मिटला, की वरच्या चार माणसांचं सांडपाणी बाहेर जाऊ शकत नाही. माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ५४० लिटर. ते कुठे जाणार? तळमजल्याच्या भांड्यातून वर येणार. म्हणजे पूर न येताही घर भरणार, तेही स्वतःच्याच गटाराने.

म्हणून दोन वाटा केल्या. वरच्या मजल्याचा पाइप नव्या ११० मिमीच्या लाइनने सरळ शेवटच्या कुंडीत नेला, लांबी ७.२ मीटर, उतार १:६०, म्हणजे एकूण १२ सेंमी. व्हॉल्व्ह फक्त तळमजल्याच्या शाखेवर, वेगळ्या छोट्या कुंडीत. चोकडीची जाळी, न्हाणी, संडास आणि स्वयंपाकघराचं सिंक, चारही त्याच शाखेत आहेत ना, हे प्रत्येक ठिकाणी रंगीत पाणी ओतून पाहिलं. सिंक निघालं दुसरीकडे, थेट शेवटच्या कुंडीत! ते वळवून घेतलं. एक तोंड उघडं राहिलं तरी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

बसवताना पाहण्याच्या गोष्टी: व्हॉल्व्हवरचा बाण रस्त्याकडे. फ्लॅपचं झाकण हाताने उघडेल एवढी कुंडी रुंद, नाहीतर कोणी साफ करत नाही. केस, दोरा, ओले वाइप्स फ्लॅपच्या कडेला अडकतात आणि तो अर्धा उघडा राहतो. मग पुरात तो नाही. सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर.

२४ फेब्रुवारी : गटाराची चाचणी

शेवटच्या कुंडीचं बाहेरचं तोंड रबरी फुग्याने बंद केलं, कुंडी फ्लॅपच्या ४० सेंमी वर येईपर्यंत भरली. अर्धा तास. न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी खडूच्या रेषेवरून हललं नाही. वरच्या भाडेकरूंना या वेळात दोनदा फ्लश करायला सांगितलं. कुंडी चढली, तळमजला कोरडा.

३ मार्च : टाक्या

महापालिकेचं पाणी दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी, म्हणून जमिनीखाली ५००० लिटरची टाकी आणि मोटर. दोन्ही मजल्यांना तीच. वर वापर चालू असल्याने पाणी साचून राहत नाही, ही भाडेकरू ठेवण्याची एक न मोजलेली कमाई.

झाकणाला रबरी गॅस्केट आणि चार बोल्ट. सांडव्याच्या पाइपला, म्हणजे टाकी भरली की जादा पाणी जातं त्या पाइपला, आटे पाडून टोपी. एरवी टोपी काढलेली, साखळीने पाइपलाच बांधलेली. पूर येणार असं दिसलं की टोपी लावायची.

पूर येण्याआधी ही टाकी रिकामी करायची नाही. लोक ‘पाणी घाण होईल’ म्हणून करतात. टाकी प्लॅस्टिकची आहे. भोवतालची माती पाण्याने भरली की रिकाम्या टाकीवर जवळपास पाच टनांचा उचल दाब येतो आणि ती फरशी फोडून वर येते. भरलेली ठेवायची, घाण झाली तर धुवायची.

धुण्याचं प्रमाण झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवलं: गाळ काढून टाकी भरा, ताजी ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीन) हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे या टाकीला ७५० ग्रॅम. आधी बादलीत कालवून निवळ पाणी ओता, खालचा चुना नाही. २४ तास मोटर बंद. मग सगळं पाणी सोडून द्या, पुन्हा भरा. उघड्या पुड्यातली जुनी पावडर चालत नाही, तिचा जोर उडालेला असतो.

८ मार्च : वीज

खालचे सगळे प्लग पॉइंट लादीपासून ३० सेंमीवर होते, ते पुरात गेले. ११० सेंमीवर घेतले. जुने डबे सिमेंटने बंद. वायर बदलायची की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक सर्किट मोजलं. १ मेगोहमच्या खाली आलेली दोन बदलली.

मीटर बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून १२० सेंमीवर. घराचं जोतं (जमिनीपासून लादीपर्यंतची उंची) ४५ सेंमी, आतली रेषा ७१. म्हणजे बाहेर पाणी ११६ सेंमीपर्यंत चढलं होतं. चार सेंमीने वाचला. मीटरला स्वतः हात लावायचा नसतो; मध्य गुजरात वीज कंपनीकडे जागा बदलण्याचा अर्ज दिला, मालकांच्या सहीने, ते इथे असतानाच.

बोर्डात दोन भाग केले. ‘चालू’ भागावर राउटर, दोन कॅमेरे, बाहेरचा दिवा. त्याला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे वीज गळली किंवा भार वाढला की आपोआप तुटणारा स्विच. बाकी सगळं ‘बंद’ भागावर. सगळ्या घराला एकच गळतीचा स्विच (आरसीसीबी) असला की विजेच्या कडकडाटात तो पडतो, कॅमेरा जातो, आणि न्यू जर्सीहून पहाटे तीनला काकूंना फोन येतो.

कॅमेरा एक दारावर. दुसरा दारावर नको. तो मागच्या बाजूला, टाकीचं झाकण, व्हॉल्व्हची कुंडी आणि चोकडी एकाच चौकटीत दिसतील असा.

इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी काढून दिली. न वापरता उन्हाळाभर पडली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा चार्ज होत नाही. दरवर्षी नवी घेण्यापेक्षा तीन आठवडे पंख्याविना परवडतात.

१४ मार्च : गच्ची

चायना मोझेक जुनं पण शाबूत. पाणी जायला तोंडं दोन, गच्ची ९० चौरस मीटर. ताशी १०० मिमी पावसाला १०० मिमीच्या एका पाइपमागे साधारण ४० चौरस मीटर, हा नेहमीचा हिशेब. म्हणून तिसरं तोंड काढलं. तोंडांवरच्या सपाट जाळ्या काढून घुमटाच्या बसवल्या, एक पान पडलं की सपाट जाळी बंद होते. कठड्यात पिंपळाचं रोप. नुसतं तोडलं तर पुन्हा येतं, मुळापर्यंत फोडून काढलं.

तोंडं बुजवून ४ सेंमी पाणी ४८ तास उभं केलं. जिन्याच्या कोपऱ्यात खाली ओल आली. फुटकी लादी नाही, कठडा आणि गच्चीच्या सांध्यातला गोला (कोपऱ्यातला गोलाईचा गिलावा) सुटलेला. तोच भाग केला. सगळ्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा रंग मारायचा आग्रह दोघांनी धरला होता, नाकारला.

१९ मार्च : उधई

वाळवीला इथे कारागीर उधईच म्हणतात. पूर आलेल्या घरात जुनं औषध धुऊन गेलेलं असतं. लादी-भिंतीच्या सांध्यात ३०० मिमीवर १२ मिमीची भोकं, क्लोरपायरिफॉस २० ईसी एक लिटरला १९ लिटर पाणी, भोकाला एक लिटर. भोकं सिमेंटने बंद. लाकडी कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे ओढली, पुन्हा चिकटवायची नाहीत.

२४ मार्च : मुखत्यारपत्र

काकूंच्या मुलाच्या नावे. मालक अजून इथे आहेत, त्यामुळे इथेच झालं, सोपं झालं. परदेशातून करायचं तर दोन वाटा: भारतीय वकिलातीत साक्षांकन, किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून त्यावर तिथल्या राज्य शासनाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण. कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पुष्कळ लोक ते कपाटात ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा काढतात. तोवर मुदत गेलेली असते.

अधिकार मोजून लिहिले: वीज, गॅस, वेरा (घरपट्टी) भरणं, मीटर आणि नळाचे अर्ज, विम्याचा दावा, अकरा महिन्यांपर्यंतचा भाडेकरार, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं. विक्री, बक्षीस, गहाण आणि बँक यांची नावं घेऊन ती वगळली. ‘इत्यादी सर्व अधिकार’ हे शब्द मसुद्यातून काढायला लावले. देणाऱ्याच्या निधनाबरोबर मुखत्यारपत्र संपतं, म्हणून मृत्युपत्र हा वेगळा कागद. त्याची आठवण दिली.

२८ मार्च : भाडं

या घरातली सगळ्यात महागडी चूक भिंतीत नव्हती, भाड्यात होती. भाडं महिना १८,००० रुपये. भाडेकरू ते मालकांच्या जुन्या बचत खात्यात पूर्ण भरत होते.

एक, अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं. दोन, मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने, २०२५मध्ये लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली (खालची फॉर्मची नावंही तेव्हाचीच), कर कापायचा: ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. भाडं कितीही लहान असो, सूट नाही. १८,००० वर ५,६१६ कापायचे, १२,३८४ द्यायचे. भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा) नंबर लागतो, कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, तिमाहीला २७क्यू हे विवरण, मग मालकांना १६ए हा दाखला. कापून वेळेवर भरला नाही तर महिना दीड टक्का व्याज, आणि विवरण उशिरा दिलं तर दिवसाला २०० रुपये. निवासी मालकांसाठी असलेला २६क्यूसीचा सोपा रस्ता इथे लागू नाही. नेमका तोच पुष्कळ भाडेकरूंना सांगितला जातो.

वर्षाचा हिशेब: भाडं २,१६,०००, तीस टक्के वजावट जाऊन उरले १,५१,२००. मालकांनी स्वतः भरलेला वेरा आधी वजा केला तर आणखी कमी. इथलं दुसरं उत्पन्न नसल्याने कर शून्य, आणि कापले जाणार ६७,३९२. ते परत मिळवायला आयटीआर-२ हे आयकर विवरण भरायचं. कापलेच जाऊ नयेत असं वाटत असेल तर फॉर्म १३ देऊन कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यायचं. ते त्या आर्थिक वर्षापुरतं आणि त्या भाडेकरूच्या टॅनपुरतंच असतं. भाडेकरू बदलला की पुन्हा.

हे भाडं अमेरिकेच्या विवरणातही दाखवावं लागतं. तिथे घर कळवावं लागत नाही, खातं मात्र कळवावं लागतं: भारतातल्या सगळ्या खात्यांची शिल्लक मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज.

२ एप्रिल : मोबाइल नंबर आणि विमा

वीज, वेरा, बँक, आयकर, सगळ्यांचा ओटीपी एकाच भारतीय नंबरवर. तो नंबर ९० दिवस न वापरता पडला तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असली तर ३० दिवसांची मुदतवाढ मिळते, पण त्यावर वर्ष काढायचं नाही. रोमिंग इथेच सुरू करून घेतलं, कारण ते सुरू करायलाही ओटीपी लागतो. बँकेत अमेरिकेचा नंबर नोंदवला. एनआरओ खात्याला अमेरिकेच्या नंबरवर यूपीआय जोडता येतं.

विम्याच्या कागदात ३० दिवसांहून जास्त घर रिकामं असल्याची अट शोधली. सापडली. विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली. ही पोच नसेल तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच.

५ एप्रिल : घर मिटणं

ट्रॅपमधलं पाणी ५० मिमी असतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत आटतं, मग वास आणि झुरळं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी, वर दोन मोठे चमचे खाद्यतेल. तेलाचा थर बाष्प धरून ठेवतो. भांड्यातही तेच, वर प्लॅस्टिक ताणून. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची दारं वर्तमानपत्राची घडी घालून उघडी. गीझर रिकामा. तळमजल्याचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गॅसच्या मीटरजवळचा कॉक बंद. खिडक्या सगळ्या घट्ट लावायच्या नाहीत. समोरासमोरच्या दोन झरोक्यांना जाळी लावून हवा चालू.

१७ मे : कपाटवाली भिंत

प्लॅस्टिकखाली दव नाही. गिलावा झाला.

७ जून : पुराची तालीम

नदीच्या खोलीकरणाचं काम या उन्हाळ्यात चाललं आहे; त्याच्या भरवशावर पातळ्या बदललेल्या नाहीत. काकूंच्या भिंतीवर एकच पान, मोठ्या अक्षरात. काळाघोडा १८ फूट: टाकी पूर्ण भरा, व्हॉल्व्हची कुंडी पाहा. २२ फूट: सांडव्याला टोपी, दारांना फळ्या. २६ फूट: तळमजल्याचा मुख्य स्विच बंद, आणि घरातून निघा.

फळ्या १९ मिमी मरीन प्लायच्या, दाराच्या दोन बाजूंच्या अॅल्युमिनियमच्या खाचेत बसणाऱ्या, खाली-बाजूला फोमची पट्टी. उंची ६० सेंमी. यापेक्षा उंच मुद्दाम केली नाही. मीटरभर रुंद फळीवर ६० सेंमी पाण्याचा दाब १८० किलोच्या आसपास होतो; तो वाढवत नेला तर फळी टिकेल, भिंत टिकणार नाही. त्याच्यावरचं पाणी आत येऊ द्यायचं.

एक फळी आठ किलोची. दोन्ही खाचांत एकदम धरून खाली सोडावी लागते. काकूंनी दोनदा करून पाहिलं, मग टेकून उभ्या राहिल्या. “अरे, भर पावसात मी फळी धरू की छत्री?”

१४ जून

फळ्या कापून ३०-३० सेंमीच्या दोन केल्या, चार-चार किलोच्या. मधल्या सांध्याला खोबण आणि फोम. काकूंनी दोन्ही दारं एकट्याने लावली. ओटल्यावर वाळूच्या पिशव्यांचा बांध घालून फळीशी २० सेंमी पाणी उभं केलं: आधीच्या एका फळीतून दहा मिनिटांत लिटरभर येत होतं, आता तीन. वायपरने आवरतं.

फळ्यांना खुंट्या जिन्याखाली ठोकल्या, लाल रेषेच्या वर.